भाचीची केस

“मामा, तुझी दाढ मला दे ना.”

भाची हैदराबादला बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी उजवीकडची खालची दाढ काढायची, हे तिच्या आईकडून तिला कळलं होतं. तिला दात काढण्याचा कोटा पुरा करायचा होता, त्यात केसेस मिळत नव्हत्या. घरातली माणसं खुर्चीत आणून बसवणं तिच्या वर्गात नवं नाही. नांदेडहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी तिच्या कॉलेजच्या ओपीडीत केसपेपर काढला.

आधी या मुलामुलींचे हात मेणाच्या दातांवर फिरतात. मग फँटम हेड येतं, म्हणजे रबरी गालांचं, प्लास्टिकच्या दातांचं डोकं. त्याला लाळ सुटत नाही, त्याची जीभ मध्ये येत नाही, आणि मुख्य म्हणजे ते काही विचारत नाही. पेशंट विचारतो. “कित्ते दाँतां निकाले अब तक?” हा दखनी प्रश्न भाचीला ओरलच्या परीक्षेपेक्षा अवघड वाटतो. आदल्या आठवड्यात एका आजीबाईंनी तो विचारला आणि ही नुसती मास्क सारखी करत राहिली. तोवर तिच्या दोनच दाढा झाल्या होत्या. पैकी एकीचं मूळ आत तुटलं आणि पुढचं सरांनी केलं.

माझं बीपी पाहून झालं. तिने डावा अंगठा गालाच्या आत जबड्याच्या हाडावर टेकवला. तो थरथरत होता. बघणाऱ्याला कदाचित दिसला नसता, पण मला हाडात कळत होता. सिरिंज समोरच्या बाजूच्या दातांवरून तिरपी आली. सुई आत हाडाला लागली पाहिजे, मग किंचित मागे घ्यायची, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं, मगच औषध सोडायचं, तेही हळूहळू. मागून सर म्हणाले, “निदानंगा.” तेलुगूत निदानंगा म्हणजे सावकाश. मराठीतलं निदान घाईने केलं की काय होतं, ते पेशंटांना विचारावं.

“ओठ जड झाला का?”

नव्हता झाला. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं, पण दाढ माझी होती. ‘नाही’ म्हणालो. तिच्या कपाळावर घाम आला. दुसरी सुई.

ओठ जड होण्याची वाट बघताना मला लॉरी आठवला. याच शहरात, अफझलगंजच्या इस्पितळात, सर्जन एडवर्ड लॉरीने 1888 आणि 1889 मध्ये भुलीच्या क्लोरोफॉर्मची तपासणी करणारी कमिशनं भरवली. खर्च निजामाचा. क्लोरोफॉर्मने हृदयाला थेट धोका नसतो, श्वासाकडे लक्ष ठेवा म्हणजे झालं, असं तो छातीठोकपणे सांगायचा. पुढे ते चूक ठरलं. त्याच्या हाताला कंप असेल असं वाटत नाही. मला मात्र भाचीचा थरथरता अंगठा जास्त भरवशाचा वाटला. ती माझ्या श्वासाकडेही बघत होती आणि खुर्चीच्या हातावर आवळलेल्या मुठीकडेही.

अर्धा ओठ परका झाला. ती माझ्या उजव्या खांद्यामागे आली, उजव्या खालच्या दाढेला असंच उभं राहतात. एलिव्हेटर, मग फोर्सेप. ओढायचं नसतं, गालाकडे आणि जिभेकडे आळीपाळीने रेटत हाडातली जागा सैल करायची असते. दुखलं नाही, पण डोक्यात करकर आवाज घुमत राहिला. मधेच तिचा जोर थांबला, पकड बदलली. सर पुढे झाले आणि हात न लावता परत मागे गेले. मला वाटतं, सगळ्या सकाळीत तिला शिकवलेली मोठी गोष्ट हीच.

दाढ बाहेर आली. तिने आधी मुळं मोजली. दोन, शाबूत. मगच कापसाचा बोळा चावायला दिला, थुंकायचं नाही म्हणून बजावलं आणि वहीवर सही घ्यायला गेली.

मी बाकावर बोळा चावत बसलो. माझ्या जागी बुरख्यातल्या एक बाई येऊन बसल्या. आ करायच्या आधी त्यांनी विचारलंच.

“हौ अम्मा,” भाची हातमोजे चढवत म्हणाली, “अब्बीच एक निकाली.”