जर्मनीत जेवायला बसताना



हल्ली आपली काही नातवंडे शिकायला नाहीतर नोकरीसाठी जर्मनीत जातात. मागोमाग आपणही महिनाभर पाहुणे म्हणून जाऊन येतो. त्या देशाचे नाव काढले की पुष्कळ घरांतली वडील माणसे गप्प होतात, आणि त्याला कारण आहे. पण मूल एकदा तिथे पोचले की फोनवर आपला पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का रे?" म्हणून आज फक्त जेवणाबद्दल लिहिते. कोशेर सांभाळून तिथे पोट भरता येते, मात्र डुक्कर कुठे कुठे लपलेले असते ते आधी माहीत पाहिजे.

सुरुवात पावापासून. पावाला जर्मन भाषेत ब्रोट म्हणतात. तो आपल्या मऊ पांढऱ्या पावासारखा नसतो. राय नावाच्या धान्याचा काळसर, जड आणि थोडा आंबूस असतो, कधी त्यात शहाजिऱ्यासारखे दाणे लागतात. तीन हजारांहून जास्त जाती आहेत म्हणतात, आणि २०१४ साली त्यांनी आपली पावाची परंपरा देशाच्या वारसा-यादीत घातली. छोट्या पावाला बहुतेक ठिकाणी ब्र्योटशेन म्हणतात, बर्लिनमध्ये श्रिप्पे, तर म्युनिककडे झेमेल. कवळीवाल्यांनी राय पावाची कड कापून टाकावी आणि मधला भाग सूपमध्ये बुडवून खावा, उगाच दातांशी भांडू नये.

वॉर्डात काम करताना हातावर नंबर गोंदलेले पेशंट मी पाहिले आहेत. काहींच्या उशीखाली पावाचा तुकडा असायचा. चादर बदलताना आम्ही सिस्टर तो उचलायचो आणि होता तिथेच परत ठेवायचो. म्हणून जर्मन पावाचे कौतुक लिहिताना माझा हात जरा थांबतो. पाव चांगला असतो हेही खरेच.

त्यांचे जुने वळण असे की दुपारी गरम जेवण आणि रात्री आबेन्डब्रोट, म्हणजे शब्दशः 'संध्याकाळचा पाव'. सहा-सात वाजता पाव, लोणी, चीज, काकडी, मुळा असे मांडतात. चूल पेटवत नाहीत. नोकरी करणारी मंडळी आता रात्रीही गरम जेवतात, पण म्हाताऱ्यांच्या घरी हीच रीत दिसते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, रात्री नऊला तिथे कोणी ताट वाढणार नाही. औषधाची वेळ डॉक्टरला विचारून आधीच बसवून घ्या.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे इस्राएलमध्ये श्नित्सेल म्हटले की मुले कोंबडी समजून ताव मारतात. जर्मनीत नुसते श्नित्सेल बहुधा डुकराचे. पाटीवर 'वीनर श्नित्सेल' असेल तर ते वासराचेच असावे असा नियम आहे, पण 'श्नित्सेल वीनर आर्ट' म्हणजे फक्त त्या पद्धतीचे, आणि ते साधारणपणे डुकराचेच. एका शब्दाने केवढा फरक! आणि वासराचे असले तरी शेखिता कुठे झालेली असते?

वाटाण्याचे सूप, मसूरीचे सूप, परतलेले बटाटे ही नावे ऐकून आपल्याला वाटते, हे तर शाकाहारी. पण त्यात श्पेक घालतात, म्हणजे डुकराच्या चरबीचे खारवलेले, धुरावलेले तुकडे. श्माल्ट्स म्हणजे वितळवलेली चरबी. लाल कोबीत, काही बेकऱ्यांच्या पिठातही ती असते. शिंकेन म्हणजे डुकराची मांडी. लेबरकेझे या नावात चीज आहे, पदार्थात नाही, त्यात मांस असते. मुलांनो, रंगीत रबरी अस्वलांच्या गोळ्यांतले जिलेटिनसुद्धा बहुधा डुकराचेच, तेव्हा पाकीट उलटून वाचल्याशिवाय तोंडात टाकू नका. आणि करीवूर्स्ट ऐकून आजीची करी आठवेल, पण तसे काही नाही. १९४९ साली हेर्टा हॉयवर नावाच्या बाईने बर्लिनमध्ये सॉसेजवर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घालून विकायला सुरुवात केली, तोच हा पदार्थ. सॉसेज बहुधा डुकराचे.

विचारायला लाजू नका. "इस्ट दा श्वाइनेफ्लाइश द्रिन?" म्हणजे "ह्यात डुकराचे मांस आहे का?" सरळ विचारले की सरळ उत्तर मिळते. दुसरा शब्द झाने, म्हणजे साय. आपल्या आज्या मटणाला नारळाचे दूध घालायच्या, तिथे मांसाच्या रश्शात साय ओततात.

१९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारने कायदा करून शेखिता बंद पाडली होती. आज ती खास परवानगी काढून करता येते. कोशेर दुकाने बर्लिन, फ्रँकफुर्ट, म्युनिक अशा शहरांत आहेत, पण मांस महाग पडते. म्हणून रोजच्याला मासळी आणि दूधदुभते बरे. हेरिंग मासा खारवलेला, आंबवलेला सगळीकडे मिळतो, त्याला खवले आणि पर दोन्ही असतात. आल नावाचा सापासारखा मासा मात्र आपल्याला चालत नाही. आपण कोकणातली माणसे, मासळीवर निभावून नेऊ.

बर्लिनच्या आसपास साल न काढता उकडलेले बटाटे क्वार्कबरोबर खातात. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्का. वरून जवसाचे कच्चे तेल! जवसाची चटणी खाल्लेल्या माणसाला हे ताट परके वाटणार नाही. बटाट्याचा तिथे मोठा मान. १७५६ साली राजा दुसऱ्या फ्रेडरिकने बटाटा लावायचा हुकूम काढला होता, आणि पॉट्सडॅमला त्याच्या थडग्यावर लोक आजही फुलांऐवजी बटाटे ठेवतात.

कोणाच्या घरी बोलावले तर वेळ नीट समजून घ्या. 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात! आठाकडे जाताना अर्धा, असा त्यांचा हिशेब. वेळेवर पोचा. "गुटेन आपेटीट" म्हटल्याशिवाय कोणी घास घेत नाही. आणि आग्रह नावाची गोष्ट तिथे नाही. आपल्याकडे "नको नको" म्हटले तरी वाटीत भाजी पडते. तिथे यजमान एकदा विचारतो. तुम्ही नुसते "डांके" म्हणालात तर तो समजतो नको, आणि भांडे पुढे जाते. हवे असेल तर "या, गेर्न" म्हणा. उपाशी उठू नका. नको असेल तर एकदा नाही म्हटलेले पुरते, कोणी राग मानत नाही. कोशेर पाळणाऱ्याला याचा केवढा आराम!

हॉटेलात पाणी मागितले तर बुडबुड्यांचे येते, साधे हवे असेल तर "श्टिल" म्हणा. टिप टेबलावर ठेवून जाऊ नका, पैसे देताना वाढवून आकडा सांगा. रविवारी दुकाने बंद, बेकरी थोडे तास उघडी, म्हणून दूध-भाजी शनिवार रात्रीपर्यंत, शब्बाथ संपताच, नाहीतर शुक्रवारीच आणावी. मुलांनो, प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की एकेकीचे २५ सेंट परत मिळतात.

हनुकाची सुफगानिया बर्लिनला फानकूखेन नावाने मिळते. ती कशात तळली ते विचारून घ्या. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथली मंडळी गंमत म्हणून ताटातल्या एकीत जॅमऐवजी मोहरी भरतात. पहिली आजोबांना द्यायची की नाही, ते तुम्ही मुलांनी ठरवा.