अंड्याचं कवच फुकट मिळतंय म्हणून ट्रॉली रानात ओतून घेऊ नका



जोतिबाच्या उतारावर आणि पायथ्याला रान असलेल्या काही सभासदांचा एकच प्रश्न आलाय. अंडी फोडून त्याचं द्रव किंवा पावडर करणाऱ्या कारखान्यातलं कवच घेऊन ठेकेदार येतो आणि म्हणतो, "निव्वळ कॅल्शियम आहे, ट्रॉली फुकट ओततो." घ्यायचं का?

वाळवून दळलेली भुकटी असेल आणि तुमची माती आंबट असेल, तर जरूर घ्या. ओला माल असेल तर ट्रॉली बांधावरूनच परत पाठवा. असं का, ते सांगतो.

६० ग्रॅमच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम कवच असतं. त्यातला ९४-९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीत असतो तोच जिन्नस. लाखभर अंडी फोडली की सहाशे किलोच्या आसपास कवच निघतं. इथवर ठेकेदार खरंच बोलतो. पण यंत्रातून पडणाऱ्या कवचाला अंड्यातलं पांढरं चिकटलेलं असतं आणि आतून पातळ पापुद्रा असतो. ही दोन्ही प्रथिनं. ढीग दोन दिवस उघडा राहिला की वास सुटतो, माश्या बसतात, मग कुत्री, घुशी आणि कावळे येतात.

मोठे कारखाने हे कवच टाकून देत नाहीत. तमिळनाडूत इरोडला अंड्याची पावडर करून परदेशी पाठवणारा कारखाना आहे, तशा ठिकाणी अंड्यांची संख्याच एवढी असते की कवचाची सोय लावावीच लागते. रीत अशी: कवच गरगर फिरवून चिकटलेलं द्रव काढायचं (ते माणसाच्या खाण्यात जात नाही), मग गरम हवेत वाळवून दळायचं. पापुद्रा वेगळा काढला तर त्याला वेगळंच गिऱ्हाईक मिळतं, सौंदर्यप्रसाधनं आणि सांधेदुखीच्या गोळ्या करणारे. जपानमधली क्युपी ही मेयोनीज कंपनी तर १९५६ पासून कवच वाळवून शेतकऱ्यांना माती सुधारक म्हणून विकतेय. लक्षात घ्या, विकतेय. वाळवणी-दळणीचा खर्च केला की मालाला दाम येतो. तुमच्याकडे फुकट येतंय, ते तो खर्च टाळून.

आता माती. डोंगरमाथ्याची आणि वरच्या उताराची तांबडी, जांभ्याची जमीन पावसानं धुपून आंबट होते. सामू ६ च्या खाली गेला असेल तर तिथं चुना लागू पडतो, आणि कवचाची भुकटी म्हणजे चुनाच. पण खाली काळ्या रानात उलटं आहे. तिथं सामू बऱ्याचदा आठच्या आसपास असतो, मातीत चुनखडी आधीच असते. त्यात आणखी चुना घातला की लोह-जस्त पिकाला मिळेनासं होतं आणि उसावर केवडा पडतो. शेजाऱ्यानं टाकलं म्हणून आपण टाकायचं, असं इथं चालत नाही. दोघांच्या रानात एका बांधाचंच अंतर असलं तरी माती वेगळी असू शकते.

किती टाकायचं, ते माती परीक्षणाच्या कागदावरून ठरतं. अंदाज यावा म्हणून: एक टन भुकटीला पावणेदोन लाख अंडी लागतात. अंडाबुर्जीच्या एका गाड्यावर दिवसाला तीनशे अंडी फुटत असतील तर महिन्याला पन्नास किलोच्या आसपास कवच. त्यात परसबाग होईल, एकर नाही होणार. भुकटी पिठासारखी बारीक हवी. चुरडलेले तुकडे टाकले तर ते वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. आणि चुना टाकला त्याच वेळी युरिया किंवा शेणखत मिसळू नका, नत्र हवेत उडून जातं.

भुईमूगवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. शेंगेला कॅल्शियम मुळातून नाही, शेंगेभोवतालच्या मातीतून थेट लागतं, तेही आऱ्या सुटल्यावर लगेच. कवच सावकाश विरघळतं. त्यामुळं जिप्समची गोणी वाचवायला म्हणून कवच टाकू नका.

कोंबड्यांचं म्हणाल, तर अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज चारेक ग्रॅम कॅल्शियम लागतं, कवच त्याला उत्तम. पण कच्चं कधीच नाही. अर्धा तास उकळा, कडक उन्हात वाळवा, बारीक करा, मगच खाद्यात. कच्च्या कवचातून साल्मोनेला येतो, आणि ओळखू येणारं कवच खाल्लं की कोंबडीला अंडी फोडायची खोडही लागते.

बाहेरून आलेलं कच्चं कवच परसातल्या कोंबड्यांजवळ येऊच देऊ नका. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा. रोग सापडला की एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख लागते. एका ट्रॉलीपायी गावाच्या कोंबड्या जाऊ शकतात. हॅचरीचं कवच तर नकोच, त्यात मेलेली पिल्लं असतात.

धुण्याच्या पाण्याचा टँकरही कुणी देऊ करेल. घेऊ नका. अंड्याचं पाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, मासे मरतात. आपल्या डोंगराचं पाणी एकीकडं वारणेला, दुसरीकडं पंचगंगेला उतरतं, आणि वाटेत खालच्या माणसाची विहीर असते.

ओला माल आधीच पडला असेल तर पसरू नका. विहीर-ओढ्यापासून लांब, उसाच्या पाचटाचा जाड थर, त्यावर कवच, वर शेण, पुन्हा पाचट असा ढीग लावा आणि वरून वीतभर पाचटानं झाका. ढीग आतून हाताला चटका बसेल इतका तापला पाहिजे. थंड पडला की उलथा.

घरी कवच लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये विरघळवणाऱ्यांनी बाटलीचं झाकण सैल ठेवावं. वायू निघतो, बाटली फुटते.

भुकटी देणाऱ्या ठेकेदाराला कारखान्याचं नाव आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा कागद मागा. ट्रॉली खेट्यांच्या रविवारी आणि चैत्र यात्रेच्या दिवसांत डोंगराच्या रस्त्यानं आणू नका, पायी येणारी माणसं असतात.

माती परीक्षणाचा कागद असेल तर त्याचा फोटो याच नंबरवर पाठवा, गट नंबर लिहून. सामू ६ च्या खाली असलेल्या सभासदांची यादी झाली की भुकटीची एकत्र चौकशी करू. कागद जुना असेल तर नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी काढा.