स्पर्धा ‘समाजापुरती मर्यादित’ असावी का? मैदानावरच्या पात्रतेच्या नियमांविषयी

उन्हाळा आला की गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. पुणे-सातारा महामार्गालगत खेड शिवापूर, वरवे बुद्रुक, नसरापूर हा पट्टा असो की आत भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या, स्पर्धेच्या फलकावर प्रवेश फी आणि बक्षिसाच्या रकमेखाली एक बारीक ओळ असते. कुठे ‘एक गाव एक संघ’, कुठे ‘फक्त ग्रामस्थांसाठी’, आणि काही स्पर्धांना ‘समाजापुरती मर्यादित’. बक्षिसाची रक्कम सगळे वाचतात, ही ओळ मात्र फार कोणी वाचत नाही. मुलगा खेळणार की कट्ट्यावर बसून बघणार, हे तीच ठरवते.

भीमजयंतीच्या निमित्ताने आपली मंडळेही स्पर्धा भरवतात. तेव्हा हमखास एक प्रश्न निघतो: ही स्पर्धा फक्त आपल्या मुलांसाठी ठेवायची की सर्वांसाठी? दोन्ही बाजूंचे लोक मनापासून बोलतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू.

धर्म आणि वंश पाहून संघ करण्याची पद्धत आपल्याकडे रुजली ती मुंबईच्या क्रिकेटमध्ये. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात दरवर्षी सामना होऊ लागला. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघाने ती चौरंगी केली. १९३७ मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला. नावच ‘इतर’! विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे ते या संघाकडून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘इतरां’च्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजारेंच्या होत्या. महात्मा गांधींनी १९४० मध्ये या स्पर्धेला विरोध केला, तरी ती लगेच थांबली नाही. १९४६ मध्ये बंद पडली.

या स्पर्धेत ‘हिंदू’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न पुण्यात आधीच उभा राहिला होता. पळवणकर बाळू हे चांभार समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. ते पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची निगा राखत आणि सरावाला साहेब लोकांना गोलंदाजी टाकत. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंचा हात हवा होता. वाद झाला, पण शेवटी त्यांना घेतले. मैदानावर तोच चेंडू सवर्णांच्या हातातून त्यांच्या हातात जायचा. चहाची वेळ झाली की मात्र त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा.

पुढे बाळू मुंबईला गेले. त्यांचे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत हेही खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. इतके करूनही कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये कर्णधारपदाच्या प्रश्नावर विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो वेगळा विषय आहे, पण आपल्याकडे बाळूंचे नाव कमी का निघते याचे एक कारण तेही असावे.)

कागदावर बाळू पहिल्या दिवसापासून पात्र होते. नियमाला ‘हिंदू’ हवा होता आणि तो त्यांना हिंदू धरत होता. त्यांना बाहेर ठेवणारी गोष्ट नियमात लिहिलेलीच नव्हती. ती चहाच्या भांड्यात होती आणि कर्णधार निवडणाऱ्यांच्या बैठकीत होती.

हे लक्षात ठेवून आता ‘एक गाव एक संघ’ या ओळीकडे पाहा. यात जातीचा शब्दही नाही. पण संघ निवडतो कोण? किट ज्याच्या घरी आणि गाडी ज्याची, तोच बहुतेक वेळा कर्णधार असतो. बौद्धवस्तीतला चांगला खेळणारा मुलगा घेतला जातो, पण बारावा म्हणून. मधल्या फळीतल्या दोन मुलांना तर कोणी विचारतही नाही. तक्रार करावी तर नियम सर्वांसाठी खुला! ‘आपली वेगळी स्पर्धा हवी’ ही मागणी इथूनच येते, आणि ती जातीयवादी आहे असे म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. ज्याला बॅट हातात मिळत नाही, त्याने आपले मैदान शोधले तर दोष त्याचा नाही.

असे इतरत्रही घडले आहे. अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना गोऱ्यांच्या संघांत जागा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या बास्केटबॉल स्पर्धा उभ्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. छावण्यांतही खेळ चालू राहिला आणि सुटकेनंतर समाज पुन्हा बांधण्यात या स्पर्धांचा वाटा मोठा होता. या कामात तिथली बौद्ध विहारे आणि बौद्ध युवक संघटना पुढे होत्या, ही आपल्यासाठी विशेष गोष्ट. पण पिढ्या बदलल्या, इतर समाजांत लग्ने झाली. मग मुलाच्या अंगात जपानी रक्त किती असले म्हणजे तो पात्र, असा हिशेब काही स्पर्धांना करावा लागला. भेदभावाविरुद्ध उभे केलेले दार शेजारच्या मुलाच्या तोंडावर बंद होऊ लागले आणि त्यावर तिथे वाद सुरू झाले.

आपल्यापुढचा पेच त्याहून अवघड आहे. ‘फक्त बौद्धांसाठी’ असे लिहिले, तर बौद्ध कोण हे तपासणार कसे? धम्म जन्माने मिळत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली ती जन्माने चिकटलेली ओळख टाकण्यासाठी. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. प्रवेश अर्जाला पुरावा जोडायचा म्हटले, की मंडळाच्या हाती उरतो तो जातीचा दाखला, आणि त्यावर लिहिलेली असते जुनी जात. तो दाखला सरकारी सवलतींसाठी लागतो. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, तो न्याय होता. पण चेंडू टाकायला तो दाखला कशाला? आणि समजा, वस्तीशेजारचा कातकरी मुलगा किंवा मातंग समाजातला मित्र रोज आपल्याच मुलांबरोबर सराव करतो. त्याला भीमजयंतीच्या दिवशी ‘तू यात बसत नाहीस’ असे कोण सांगणार?

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात पाहू. राज्यघटनेच्या कलम १५(२) नुसार, सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी असलेल्या सार्वजनिक जागांच्या वापराबाबत कोणत्याही नागरिकावर धर्म, जात, वंश यांच्या कारणावरून बंधन घालता येत नाही. याची मुळे १९२३ च्या बोले ठरावात आणि चवदार तळ्यात आहेत. ग्रामपंचायतीच्या मैदानावरून कोणाला जातीमुळे हुसकावले, तर नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ यांचाही आधार घेता येतो. दुसरीकडे, कलम १९ मध्ये संघटना करण्याचे स्वातंत्र्य आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवले. म्हणजे खासगी मंडळाला आपले सभासद निवडण्याची बरीच मोकळीक आहे. पण मैदान सार्वजनिक असेल आणि वर्गणी सगळ्या बाजारपेठेतून गोळा केली असेल, तर ‘आमची खासगी स्पर्धा’ हे म्हणणे लंगडे पडते. हे सवर्णांच्या मंडळांना जितके लागू, तितकेच आपल्यालाही.

माझे मत असे की आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. संघ कोणाचा आणि स्पर्धा कोणासाठी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुंबईत पारसी जिमखान्याचे नाव आजही तेच आहे, आणि त्यांच्याकडून सूर्यकुमार यादव खेळला आहे. ओळख राहिली, खेळाडूंसाठीचे दार मात्र उघडले. आपल्या वस्तीचा संघ जरूर असावा, त्याला आपले नाव असावे, निळी जर्सी असावी. स्पर्धेचे नाव भीमजयंती चषकच असावे. प्रवेशाला मात्र वय आणि रहिवास एवढेच पाहावे. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, तेच घ्यावेत. पुराव्याला शाळेचा बोनाफाईड दाखला पुरतो.

मग वस्तीतल्या मुलाला बाकावर बसवण्याचे काय? त्यासाठी जातीची अट लागत नाही, वेगळे नियम लागतात. ‘एक गाव एक संघ’ काढून टाका, एका गावातून दोन-तीन संघ येऊ द्या. नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलाला किमान एक पूर्ण सामना खेळवणे बंधनकारक करा, नाहीतर त्या संघाचे गुण कापा. पंच बाहेरगावचे बोलवा. मुलींचा गट ठेवा, नाहीतर जयंती निम्म्याच समाजाची होते. एवढे नियम एका पानात मावतात. ते फलकाच्या तळाशी बारीक अक्षरात न टाकता प्रवेश अर्जाच्या मागे छापावेत आणि मैदानासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज देताना त्याची एक प्रत सोबत जोडावी.