स्टेपनीविना घर

अमेरिकेत बसएवढं, डिझेलवर चालणारं मोटरहोम घ्यायचं तर दोन-तीन कोटी रुपये सहज मोजावे लागतात. त्या पैशांत प्रशस्त पलंग येतो, शॉवर येतो, मोठा फ्रीज, कपडे धुण्याचं यंत्र आणि छतावर दोन-तीन एसीही येतात. बहुतेक वेळा येत नाही ती स्टेपनी. आपल्याकडे जुनी रिक्षा घेणारा माणूससुद्धा स्टेपनी आहे का, ती कितपत चांगली आहे, हे आधी बघतो. मग एवढ्या महागड्या गाडीला ती का नसावी?

कारण वजनाचं आहे. या गाड्यांची चाकं ट्रकची असतात, साडेबावीस इंची. नुसता टायर पन्नास किलोच्या घरात जातो आणि लोखंडी डिस्कसकट अख्खं चाक ऐंशी-नव्वद किलोचं होतं. त्याचे नट आवळायला लागणारा जोर कारच्या नटांच्या पाच-सहा पट. बारा-पंधरा टनांची गाडी रस्त्याच्या कडेला, मऊ मातीवर जॅक लावून उचलायची आणि हे चाक काढून दुसरं बसवायचं, हे निवृत्त नवरा-बायकोचं काम नाही. आणि अशा गाड्यांतून फिरणाऱ्यांत निवृत्त माणसांचा भरणा मोठा आहे. म्हणून कारखानदार ते चाक देतच नाहीत. ती जागा सामानाच्या कप्प्यांना देतात, आणि टायर गेला तर मदतीला फोन करावा असं गृहीत धरतात.

‘स्टेपनी’ हा शब्द मात्र अमेरिकन माणसाला कळणार नाही. तो वेल्समधल्या लानेथ्ली गावातून आला. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. टायर बसला की रस्त्यातच तो उतरवून ट्यूबला ठिगळ लावायचं. १९०४ च्या सुमारास या भावांनी आऱ्या नसलेली, टायर चढवून हवा भरलेली एक रिम तयार केली. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाहेरून चापांनी जखडायची आणि पुढे निघायचं. इंग्रजीतून हा शब्द जवळपास पुसला गेला. भारतात तो टिकला, माल्टातही टिकला, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये ‘एस्तेपे’ होऊन राहिला. चाक स्वतः बदलायचंच नसेल तर ते सोबत कशाला, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडण्याचं कारण नव्हतं. मोटरहोमवाल्यांना तो पडतो.

त्याचं उत्तर सगळ्या गाड्यांना सारखं लागू होत नाही. व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या मध्यम मोटरहोमचं चाक सोळा इंची, सुमारे तीस किलोचं असतं. अमेरिकेत भाड्यानं मिळणारी बरीच मोटरहोम फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावरची असतात, ती याच वर्गातली. धडधाकट माणूस चांगला जॅक आणि लांब दांड्याचा पाना घेऊन ते चाक बदलू शकतो. या वर्गात स्टेपनी हवीच. तिथे वादाला जागा नाही.

युरोपात अडचण निराळी आहे. तिथे साध्या कारच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, म्हणून बहुतेक मोटरहोम त्या मर्यादेत बसवलेली असतात. माणसं, शंभर लिटर पाणी, गॅसची टाकी, सायकली आणि कपडेलत्ते मोजले की दहा-दहा किलोंचा हिशेब सुरू होतो. त्यात तीस किलोचं चाक पहिल्यांदा कापलं जातं आणि त्याच्या जागी छोटा कॉम्प्रेसर व टायरमध्ये भरायच्या चिकट द्रावाची बाटली मिळते. खिळ्यानं पडलेलं बारीक भोक ती बुजवते. टायरची बाजू फाटली किंवा टायर फुटला, तर तिचा काही उपयोग नाही.

भारतातही हीच वाट कायद्यानं मोकळी केली आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत टायरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी सक्तीची राहिली नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून इथेही फिरत्या घरांची चर्चा वाढली आहे. आपल्या महामार्गांवर ढाब्याशेजारी टांगलेला जुना टायर दिसला की पंक्चरवाला आहे हे समजतं, आणि ट्रकचं चाक उतरवणं हा त्याचा रोजचा धंदा आहे. ही सोय जगात सगळीकडे नाही.

अलास्कातला डाल्टन हायवे हे त्याचं टोकाचं उदाहरण. तेलवाहिनीच्या कामासाठी १९७४ मध्ये बांधलेला हा ६६६ किलोमीटरचा रस्ता बराचसा खडीचा आहे. कोल्डफूटची वस्ती सोडली की डेडहॉर्सपर्यंत ३८६ किलोमीटर पेट्रोल नाही आणि दुरुस्तीही नाही. तिथल्या सरकारी जमीन खात्याचा प्रवाशांना सल्ला आहे : डिस्कवर चढवलेली, पूर्ण आकाराची किमान दोन जादा चाकं सोबत ठेवा. कॅनडातल्या डेम्पस्टर हायवेवर इनुविकपर्यंतच्या ७३६ किलोमीटरांत धारदार पाटीच्या दगडाची खडी टायर कापते. अशा रस्त्यांवर मोटरहोम न्यायला भाड्यानं देणाऱ्या अनेक कंपन्या करारातच मनाई करतात.

पण माणूस अडकतो तो फक्त अलास्कात असं नाही. रविवारी दुपारी नेवाडाच्या वाळवंटात टायर गेला, तर फोन लागतो, मदतीची गाडीही येते. येणाऱ्या मेकॅनिककडे ताकद असते, हत्यारं असतात. पण नेमक्या मापाचा टायर असेलच असं नाही. मग जवळच्या शहरातलं दुकान सोमवारी उघडेपर्यंत थांबायचं, आणि त्यानं सांगितलेल्या किमतीला, त्याच्याकडे जो असेल तो टायर घ्यायचा. जाणत्या मालकांनी यावर काढलेला तोडगा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ते अख्खं चाक घेत नाहीत, नुसता टायर बाळगतात. डिस्कचं तीसेक किलो वजन वाचतं, टायर सामानाच्या कप्प्यात आडवा मावतो, आणि मेकॅनिक गाडीच्याच डिस्कवर तो चढवून देतो. चाक स्वतः बदलता येत नाही म्हणून टायरही नको, हा युक्तिवाद इथे कोसळतो. लांबच्या सफरीला निघणाऱ्या मोठ्या मोटरहोममध्ये एवढं तरी असायलाच हवं.

मात्र स्टेपनी हा अपघातावरचा उपाय नाही, हे विसरणं महागात पडतं. मोटरहोमचे टायर झिजून क्वचितच संपतात. ते वयानं संपतात. गाडी वर्षातले कित्येक महिने उन्हात उभी असते. नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतलं रबर कडक होत जातं. त्यात हवा कमी असेल किंवा सामान जास्त, तर टायर तापतो आणि त्याचे थर सुटतात. मागे एका बाजूला दोन-दोन चाकं जोडलेली असतात. त्यातल्या एकातली हवा गेली तरी चालवणाऱ्याला कळत नाही, आणि दोघांचा भार एकटा शेजारचा टायर वाहत राहतो. अमेरिकेत हलक्या गाड्यांना हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा २००७ पासून सक्तीची आहे. साडेचार टनांवरच्या मोटरहोमना ती सक्ती नाही. ती आपल्या पैशानं बसवावी लागते, आणि बसवावीच.

२०२२ मध्ये गुडइयर कंपनीनं जी१५९ जातीचे, १९९६ ते २००३ या काळात बनवलेले सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत मागवले. मोटरहोमवर हे टायर निकामी होऊन झालेल्या अपघातांत माणसं दगावली होती आणि सरकारी चौकशी २०१७ पासून चालू होती. परत मागवले तेव्हा त्यातला सर्वांत नवा टायरही १९ वर्षांचा होऊ घातला होता. इतक्या जुन्या टायरवर कुणी गाडी पळवणार नाही, असं वाटेल. पण स्टेपनी म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर ऐन वेळी बाहेर काढून कुणी त्याच्या वयाकडे बघतं का? स्टेपनीही म्हातारी होते. म्हणून चार-पाच वर्षांनी टायर बदलताना जुनी स्टेपनीही बदलावी आणि नवा टायर कप्प्यात ठेवावा.

पुढचा टायर धावत्या गाडीत फुटलाच, तर काय करायचं हेही पाठ असावं. पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तिथेच गाडी ओढली जाऊन उलटण्याचा धोका वाढतो. टायर कंपन्या चालकांना शिकवतात ते वेगळं : ब्रेकला हात-पाय लावायचा नाही, क्षणभर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी सरळ राखायची, स्टिअरिंग घट्ट धरायचं, ताबा आला की हळूहळू वेग उतरू द्यायचा आणि मग कडेला यायचं.

मुलांकडे अमेरिकेत गेलेले कितीतरी मराठी आईवडील आता यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनची सहल भाड्याच्या मोटरहोमनं करतात. त्यांनी करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. स्टेपनी आहे का, आणि नसेल तर टायर गेल्यावर किती तासांत मदत पोचेल, हे स्पष्ट विचारून घ्यावं. मग खाली वाकून प्रत्येक टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांपुढच्या ओळीचे शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ लिहिलं असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सहा-सात वर्षांपेक्षा जुना टायर दिसला, तर दुसरी गाडी मागावी.