पोकळीचा कारभार

अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बनलेल्या पिकअप ट्रकचे, म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू गाडीचे, बॉनेट उघडले की इंजिनाच्या आधी नजरेत भरतात त्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काळ्या रबरी नळ्या. त्यांतून ना पेट्रोल वाहते, ना पाणी, ना वीज; तरीही दुरुस्तीच्या वेळी निघालेली एखादी नळी चुकीच्या तोंडावर बसली, तर चांगल्या स्थितीतले इंजिन थरथरू लागते किंवा सिग्नलवर बंद पडते. या नळ्यांतून जाते ती पोकळी, ज्याला कारागीर व्हॅक्यूम म्हणतात. आणि नळ्या पुन्हा नीट जोडायच्या, तर ही पोकळी उत्पन्न कशी होते आणि तिच्याकडून कोणते काम करून घेतले जाते, हे आधी समजून घ्यावे लागते.

पेट्रोल इंजिनाचा दट्ट्या खाली सरकताना सिलिंडरमध्ये हवा ओढू पाहतो. पण तिच्या वाटेवर थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पायपट्टीने उघडणारी चकतीसारखी झडप, जवळजवळ बंद असते, आणि त्यामुळे थ्रॉटल व सिलिंडर यांच्यामधल्या मॅनिफोल्ड या नळीसमूहात दाब उतरतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाइतका असतो. इंजिन जागच्या जागी संथ चालू असताना मॅनिफोल्डमधला दाब त्याहून साधारण ४३० ते ५५० मिलिमीटरने कमी भरतो, तर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर हा फरक जवळजवळ शून्यावर येतो. म्हणजेच पोकळी किती आहे हे पाहून इंजिनावर भार किती आहे, हे ओळखता येते. शिवाय ती स्वतःच बळ लावू शकत असल्याने निरोप आणि निरोप्या ही दोन्ही कामे एकाच नळीत होतात.

हे बळ किती असते, याचा अंदाज ब्रेकच्या बूस्टरवरून येतो. बूस्टर हा पत्र्याचा चपटा डबा असून त्याच्या मधोमध रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला मॅनिफोल्डची पोकळी असते आणि ब्रेक दाबताच दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर आणि दाबातला फरक ४५० मिलिमीटर धरला, तर पडद्यावर सुमारे १९० किलो वजनाइतका जोर पडतो. पोकळी काही ओढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा, आणि पोकळी तिला फक्त वाट करून देते.

ब्रेकसाठी एक जाड नळी पुरे होती. बाकीचे जाळे वाढले ते प्रदूषणाच्या प्रश्नामुळे. लॉस एंजेलिसवर साचणारे धूरकट धुके गाड्यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते, हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, आणि १९७० साली अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने गाड्यांच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. मालासह ६,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे २,७२० किलोंहून, अधिक वजनासाठी पात्र ठरवलेल्या हलक्या ट्रकांना त्यातल्या काही नियमांतून सूट होती, आणि फोर्डने १९७५ सालासाठी आणलेले एफ-१५० हे मॉडेल नेमके या मर्यादेच्या वर बसवलेले होते. तरी धूर आटोक्यात ठेवणारी उपकरणे हळूहळू पिकअपमध्येही आलीच. गाडीत संगणक बसवणे तेव्हा परवडणारे नव्हते, म्हणून त्याचे काम रबरी पडदे, स्प्रिंगा आणि नळ्या यांच्यावर सोपवण्यात आले.

नळ्या जोडताना होणाऱ्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात. कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागावर, पोकळी घेण्यासाठी बारीक पितळी तोंडे असतात आणि ती दिसायला अगदी सारखी असतात. मात्र एखादे तोंड आत थ्रॉटलच्या चकतीखाली उघडते, तर दुसरे बंद चकतीच्या काठाच्या किंचित वर. खालच्या तोंडाला संथ चालीतही भरपूर पोकळी मिळते. वरच्या तोंडाला संथ चालीत काहीच मिळत नाही, आणि चकती उघडू लागून तिचा काठ त्या भोकावरून सरकला की मगच तिथे पोकळी पोहोचते. दोन तोंडांमधले हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजण्याइतके असले, तरी इंजिनाच्या वागण्यात त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ईजीआर झडपेचे उदाहरण यासाठी बोलके आहे. ही झडप जळून गेलेल्या वायूचा थोडा अंश पुन्हा सिलिंडरकडे वळवते, त्यामुळे ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि अतिउष्णतेत बनणारी नायट्रोजनची ऑक्साइडे घटतात. संथ चालीत मात्र हा वायू आत शिरला, तर मिश्रण नीट पेटतच नाही. म्हणून तिची नळी सहसा वरच्या तोंडावरून निघते आणि वाटेत इंजिनाच्या पाण्याच्या उष्णतेने मेण वितळून उघडणाऱ्या एका झडपेतून जाते, जेणेकरून थंड इंजिनातही ईजीआर बंद राहावी. तीच नळी खालच्या तोंडावर बसवली, की पाणी तापताच संथ चालीतही ईजीआर उघडते आणि इंजिन गचके देऊ लागते. डिस्ट्रिब्यूटरचा, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाचा, पोकळीवर चालणारा पडदाही असाच संवेदनशील असतो: हलक्या भारावर विरळ मिश्रण सावकाश जळते म्हणून तो ठिणगी थोडी लवकर पाडतो, आणि त्याला चुकीच्या तोंडाची पोकळी मिळाली तर ठिणगीची वेळच बिघडते.

फुटलेली किंवा मोकळी राहिलेली नळी वेगळाच उपद्रव करते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटरला वळसा घालून आत शिरलेली हवा हे प्रमाण मोडते, आणि संथ चालीत मुळातच हवा थोडी लागत असल्याने बारीकशी चीरही तिथे सर्वाधिक जाणवते. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारण्याची पद्धत सर्रास दिसत असली, तरी तीत आगीचा धोका असतो. त्यापेक्षा रबरी नळीचा हातभर तुकडा कानाशी धरून दुसरे टोक, फिरता पंखा आणि पट्टे टाळून, सांध्यांजवळून फिरवले, तर हवेची फुसफुस नेमकी ऐकू येते. नळी ठीक असूनही शंका उरली, तर हातपंपाने पडद्यावर पोकळी देऊन पाहावी: पंपावरील मापकाचा काटा स्थिर राहिला तर पडदा शाबूत, घसरला तर फाटलेला.

जोडणीचा अधिकृत नकाशा त्याच गाडीवर चिकटवलेला असतो. बॉनेटखालच्या उत्सर्जनविषयक पट्टीवर नळ्यांची आकृती छापलेली असते; शेजारच्या त्याच वर्षाच्या ट्रकवरून नक्कल करणे मात्र फसवे ठरते, कारण कॅलिफोर्नियात विकायच्या आणि अन्य राज्यांत विकायच्या गाड्यांची जोडणी अनेकदा निराळी असे. पट्टी नाहीशी झाली असेल, तर त्या इंजिनाची कार्यशाळा-पुस्तिका हाच आधार उरतो.

१९८०च्या दशकात संवेदक आणि संगणक आले आणि हे जाळे ओसरले, पण ब्रेकची गरज टिकली. डिझेल इंजिनात हवा अडवणारे थ्रॉटल पूर्वापार नसल्याने पोकळी आपोआप मिळत नाही, म्हणून भारतातील अनेक डिझेल जीपगाड्यांत तेवढ्यासाठी अल्टरनेटरच्या पाठीवर स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसवलेला आढळतो. जुन्या पिकअपवर हात घालणाऱ्याने मात्र पहिली नळी उपसण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधावी, एका वेळी एकच नळी बदलावी, आणि ती कुठे जाते हे पाहण्याआधी कुठून निघते हे लिहून ठेवावे.