पिकअपचा वेगकाटा बंद पडला? भाग बदलण्यापूर्वी स्कॅनर लावून पहा



भाजीपाला, फळे व दूध बाजारात नेण्यासाठी आज अनेकांच्या दारात पिकअप किंवा मोटार असते. वेगकाटा बंद पडला तरी गाडी चालते, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. परंतु काट्याबरोबर बहुधा किलोमीटरची नोंदही थांबते. मग इंजिन ऑईल केव्हा बदलावे हे कळत नाही व इंजिनाची झीज वाढते. उलटपक्षी, तपासणी न करता थेट पूर्ण मीटर बदलणे म्हणजे माती परीक्षणाशिवाय खताच्या गोणी ओतणेच होय.

वेग कसा मोजला जातो?

गिअरबॉक्सवरील सेन्सर, किंवा एबीएस असलेल्या गाडीत चाकांजवळचे सेन्सर, फिरण्याच्या गतीनुसार विजेचे संकेत पाठवितात. गाडीतील संगणक त्यावरून वेग काढतो. स्कॅनरवर हाच आकडा दिसतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत, तसेच बीएस-४ च्या पुष्कळ गाड्यांत, डॅशबोर्डखाली स्टिअरिंगजवळ १६ पिनांचे सॉकेट असते. स्कॅनर तेथे जोडावा.

तपासणीची पद्धत

१. चावी बंद ठेवून स्कॅनर जोडावा, नंतर चावी चालू करावी.

२. प्रथम दोषसंकेत वाचून वहीत लिहून घ्यावेत. 'पी ०५००' हा वेगाच्या संकेतातील बिघाड दर्शवितो. नोंद केल्याशिवाय संकेत पुसू नयेत.

३. चालू माहितीमध्ये 'वाहनाचा वेग' निवडावा. गाडी उभी असताना शून्य दिसले पाहिजे.

४. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत, चालकाने कदापि नाही.

५. खरा वेग ताडण्यासाठी दोन किलोमीटर दगडांमधील अंतर कापण्यास लागलेले सेकंद मोजून ३६०० ला त्यांनी भागावे. ७२ सेकंद लागले तर वेग ताशी ५० कि.मी. होय.

निष्कर्ष कसा काढावा?

• स्कॅनरवर वेग बरोबर, पण काटा बंद: संगणकाला वेग मिळत आहे. दोष मीटरमध्ये किंवा त्याकडे जाणाऱ्या तारांत शोधावा. सेन्सर बदलू नये.

• दोन्हीकडे शून्य: सेन्सर, त्याचा प्लग व तारा पहाव्यात. चिखल, गंज किंवा उंदराने कुरतडलेली तार हे कारण असू शकते. साफसफाई व जोडणी करून पुन्हा तपासावे, त्यानंतरच नवीन सेन्सर घ्यावा.

• खड्ड्यात आकडा मध्येच शून्यावर येतो: बहुधा प्लग किंवा तार सैल असते.

• आकडा स्थिर, पण खऱ्या वेगापेक्षा कमी: टायरचे माप बदलले आहे का ते पहावे. टायरचा घेर ५ टक्के वाढल्यास ६० दाखविताना खरा वेग ६३ असतो. काटा मात्र खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवितो, तो दोष समजू नये.

गाडीला वेगनियंत्रक बसविला असल्यास त्याच्या तारांना व सीलला हात लावू नये.

स्वतःचा स्कॅनर नसला तरी हरकत नाही. कारागिराला आधी स्कॅनरवरील वेग दाखविण्यास सांगावे. तोवर वहीत फेऱ्या व अंतर लिहीत जावे, म्हणजे ऑईल बदलण्याची वेळ चुकणार नाही.