वाढायचा डाव

जेवणाच्या वेळी दोन प्रकारचे चमचे कामी येतात. एक ताटातून मुखापर्यंत जातो. दुसरा भांड्यातून ताटापर्यंत येतो आणि परत भांड्याकडे वळतो. या दुसऱ्याला मराठी घरांत डाव म्हणतात. तुपासाठी पळी आणि माठातील पाण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे, ही त्याचीच भावंडे. दुकानात माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये जसे माप, तसा घरात भांडे आणि ताट यांच्यामध्ये डाव. त्याने ताटाला स्पर्श करू नये, ही त्याची मर्यादा.

संस्कृतात त्याला ‘दर्वी’ आणि प्राकृतात ‘दव्वी’ म्हणतात. आचार्य शय्यंभवांनी आपले पुत्र मनक मुनी यांच्यासाठी दशवैकालिक सूत्र रचले, अशी श्वेतांबर परंपरा आहे. त्याच्या पाचव्या, पिंडैषणा अध्ययनात दात्याचा हात आणि भांडे यांच्या जोडीने दव्वीचाही विचार केलेला आढळतो. मुनींना वाढण्यासाठी म्हणून डाव सचित्त पाण्याने आधी धुतला, तर पुरःकर्म दोष लागतो. वाढल्यामुळे तो मागाहून धुवावा लागणार असेल, तर पश्चात्कर्म दोष. आहार शुद्ध असूनही एका ओल्या डावापायी मुनींना रिकाम्या पात्राने परतावे लागते.

गृहस्थाच्या घरी डाव उष्ट्यापासून राखण करतो. लाळेचा स्पर्श झालेल्या अन्नात अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, अशी मान्यता आहे. ताटातला चमचा एकदाच आमटीत बुडाला, की अख्खे पातेले उष्टे होते. पिण्याचा पेला माठात बुडवू न देणाऱ्या आजीचा आग्रह याच विचारातून आलेला असतो. नातवंडांना तो जुनाट वाटतो, कारण नियम सांगितला जातो. त्यामागील जीवदया सांगायची राहून जाते.

या मर्यादेची खरी कसोटी लग्नसमारंभात लागते. जैन पदार्थांचे टेबल वेगळे मांडलेले असते. पण गर्दीत कोणीतरी बटाट्याच्या भाजीतला डाव उचलून शेजारच्या जैन भाजीत घालतो. पाटी तशीच राहते, आणि कंदमुळांचा त्याग केलेले वडीलधारे विश्वासाने तीच भाजी वाढून घेतात. यजमानांच्या हजारोंच्या खर्चात उणीव राहते ती एका डावाची.

उपाय साधा आहे. आचाऱ्याला यादी देतानाच प्रत्येक भांड्याला स्वतंत्र डाव आणि तो ठेवण्यासाठी स्वतंत्र ताटली सांगावी. जैन पदार्थांजवळ वाढपी उभा असावा. डाव लहान असावा आणि पहिल्यांदा अर्धाच भरावा. हवे त्याने पुन्हा मागावे. म्हणजे पानात टाकणे कमी होईल, पाहुणा उपाशी राहणार नाही, आणि ज्यांनी नियम घेतला आहे त्यांना प्रत्येक घासाला शंका घेत जेवावे लागणार नाही.